वाटी रिकामी द्यायला हवी होती

बाई,

तुमच्या खोलीची चावी तुमच्या पुतण्याने माझ्याकडे ठेवली आणि तो कणकवलीला परत गेला. जाताना म्हणाला, "मंगलताई, भांडीकुंडी कुणाला लागली तर देऊन टाका." तेरावं झाल्यावर मी दार उघडलं. सगळी भांडी जागच्या जागी, पालथी, लखलखीत. अंगणवाडीत पोरांच्या ताटल्या तुम्ही लावायचात तशीच. फक्त एक लहान पातेलं गॅसवर राहिलं होतं. त्याच्या आत, तळापासून चार बोटं वर, पांढरं कडं धरलेलं. नखाने खरवडलं तरी निघेना.

माझ्या शेजारच्या घाडीवहिनी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाई, परबबाईंचं भांडं असं कसं राहिलं?"

मी म्हटलं, "राहिलं असेल. शेवटी शेवटी हात चालत नव्हते त्यांचे."

हे मी खोटं बोलले. ते कडं पाण्याच्या खाराचं आहे. भात शिजवला, डाळ शिजवली की भांडं घासावं लागतं, खार धरायला सवड मिळत नाही. रोज नुसतं पाणी उकळून ओतून दिलं की असं कडं बसतं. आणि हे मला त्या दिवशी कळलं नाही, बाई. मला ते सहा महिन्यांपासून माहीत होतं.

शोकसभेत सगळे छान बोलले. समाधानी बाई, कुणापुढे हात पसरला नाही, ताठ मानेने गेली. मलाही म्हणाले, तू त्यांचे अर्ज लिहायचीस, दोन शब्द बोल. मी उठले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं रडू आलं. रडू नव्हतं आलं. 'ताठ मानेने' हा शब्द ऐकून मला भीती वाटली होती. म्हणून आता लिहिते आहे.

आपली ओळख पंख्यावरून झाली. प्राची तेव्हा चार वर्षांची होती. मी शिरपूरकडची, लग्न होऊन घोडपदेवला नवऱ्याच्या मामांच्या खोलीत आलेली, मजल्यावर सगळ्यांत नवीन. खालून निरोप आला, समोरच्या चाळीत राहणाऱ्या, तिथेच अंगणवाडी चालवणाऱ्या परबबाई घरोघर पाहणीला येतायत. कुणाची परिस्थिती कशी आहे ते लिहून नेणार, त्यावरून रेशनची यादी होणार.

बाहेरच्याला वाटेल, अशा वेळी माणसं असेल ते लपवत असतील, फाटकं नेसून दारात बसत असतील. आमच्या तिसऱ्या मजल्यावर नेमकं उलटं झालं. बायकांनी खोल्या पुसल्या, लग्नातल्या साड्या काढल्या, चेपलेली भांडी पलंगाखाली ढकलली. मजल्यावर टेबलफॅन एकच, घाडीवहिनींचा, निळ्या पात्यांचा. तुम्ही एका खोलीतून बाहेर पडलात की तो मागच्या गॅलरीतून पुढच्या खोलीत जायचा. पोचवायचं काम माझ्याकडे. वायर गळ्यात अडकवून मी पळत होते.

पाचव्या खोलीत तुम्ही रजिस्टर मिटलंत, पदराने मान पुसलीत आणि म्हणालात, "ह्या पंख्याक कोणीतरी घोटभर चाय द्या गो. सकाळपासून माझ्याबरोबर चालतासा बिचारो."

सगळा मजला हसला. घाडीवहिनींनी तोंडात पदर कोंबला. मीही हसले. आणि मग सातवी खोली माझी आली.

"पंखा तुझा?"

"हो."

"नवऱ्याची नोकरी?"

"पक्की." ते परळच्या एका छापखान्यात रोजंदारीवर कागद उचलायचे.

"दोन वेळचं जेवण?"

"व्यवस्थित."

तुम्ही चष्मा खाली करून बघितलंत. "मंगल ना तू? हे बघ, मी लिहिते ते वर जातं. वर गेलेलं मला पुसता येत नाही. लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. माझी मान त्या दिवशी ताठच होती.

यादीत आमचं नाव आलं नाही. पुढे छापखाना वसईला गेला. काही महिने हे तिथे गेले, मग तिथल्यांनी तिथलीच माणसं घेतली. प्राची दुसरीत असताना शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या पडली. तुमच्या अंगणवाडीतून गेलेलं पोर, म्हणून तुम्हाला कळलं आणि तुम्ही चढून आलात. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही जमिनीवर मांडी घातलीत, पिशवीतून पाटी काढलीत आणि वर लिहिलंत, 'प्राची पडली'.

"त्याच्या आधी?"

"सकाळी काही खाल्लं नव्हतं तिने."

"त्याच्या आधी?"

"यांचं काम सुटलंय."

"काम सुटलं तरी रेशनचं धान्य होतं ना?"

"नाही मिळत आम्हाला."

"त्याच्या आधी?"

मी घाडीवहिनींच्या दाराकडे बघितलं. म्हटलं, "पंखा."

तुम्ही हसला नाहीत. पाटीवर लिहिलंत, 'पंखा', आणि त्याला गोल केलात. "हं. आता कुठून धरायचं ते कळलं."

आमचं नाव यादीत घालायला दीड वर्ष गेलं. दर वेळी माझा कामाचा खाडा, दर वेळी एक कागद कमी. मी सहावीत शाळा सोडलेली. मला अर्ज लिहिता येत नव्हता, तुम्ही शिकवलात. मी पहिला अर्ज लिहिला त्यात तीन वेळा 'कृपा करून' आणि दोन वेळा 'पाया पडते' होतं. तुम्ही रेघ मारलीत. "अर्जात रडायचं नाही, मंगल. अर्जात सांगायचं. काय झालं, कधी झालं, काय पाहिजे. पाया गणपतीच्या पड."

मग मीच तुमची लिहिणारी झाले. दुपारी अंगणवाडी सुटली की जिन्याच्या पायरीवर तुम्ही आणि पाटी, दोन पायऱ्या खाली मी आणि वही. येणाऱ्या बाईला तुम्ही एकच विचारायचात, त्याच्या आधी? आमच्याच मजल्यावरच्या चौघी कामावर उशिरा जातात म्हणून त्यांची कामं सुटतात. आळशी आहेत, असं खालचा दुकानदार म्हणायचा. त्याच्या आधी? पाणी भरून झाल्याशिवाय निघता येत नाही. त्याच्या आधी? नळ खाली, तो सकाळी तासभर येतो, एकावेळी एकच कळशी. तुम्ही नळाला गोल केलात. वर्षभर अर्ज, शेवटी तिसऱ्या मजल्यावर पाइप आला. त्या चौघींची कामं टिकली. दुकानदाराने कधी म्हटलं नाही की चुकलो.

पण माझी गोष्ट निघाली तेव्हा तुमची पाटी पुरली नाही. तुम्ही विचारलंत, शाळा का सुटली? धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. त्याच्या आधी? आई कापूस वेचायला जायची. त्याच्या आधी? शेत आमचं नव्हतं. त्याच्या आधी? आजोबांचंही नव्हतं. त्याच्या आधी?

"त्याच्या आधीचं मला माहीत नाही, बाई."

तुम्ही पाटी पालथी ठेवलीत. "माका पण नाय गो. इतकं मागे गेलं ना, की माणूस दिसायचा बंद होतो. नुसते नियम दिसतात. कुणी केले, कधी केले. ते हलवायला पुष्कळ माणसं लागतात, एक दिवस लागतीलच. तोवर हाताला येईल ती कडी धरायची."

मी म्हटलं, "म्हणजे आम्ही पाइप लावत बसायचं आणि नियम तसेच?"

"लाव तर आधी. मग भांड."

ही आपली पहिली भांडणं. मजा यायची. लालबागच्या मिरची गल्लीत देठं काढायचं काम तुम्हीच मिळवून दिलंत आणि तिथून आल्यावर मी तुमच्याशी तावातावाने बोलायची. हातांची आग आग व्हायची, प्राचीच्या चेहऱ्याला हात लावायची सोय नव्हती. तुम्ही वाटीत ताक घालून माझी बोटं त्यात बुडवून ठेवायचात आणि म्हणायचात, "आता बोल. हात अडकलेत, तोंड मोकळं आहे."

दुसरं भांडण मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, लपवता कशाला? आहे ते दिसू दे, दिसलं तर कुणीतरी काहीतरी करील. मी म्हणायची, तुम्हाला काय जातंय सांगायला. चाळीत दार दिवसभर उघडं असतं. चुलीवर काय आहे ते येणारा जाणारा बघतो. एकदा कळलं की हिच्याकडे नाही, की हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, कारण परत बोलवायचं हिला जमणार नाही. कामावर मुकादम बघतो, हिला गरज आहे, म्हणजे ही कमीवर राबेल. पोरीला शाळेत बाकाच्या टोकाला बसवतात. लोक वाईट नसतात, दया करतात. पण एकदा दया केली की त्या माणसाला सल्ला विचारत नाहीत. पंखा आम्ही हौसेने नाही फिरवला, बाई.

तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा म्हणालात, "खरं आहे तुझं. पण मग प्राची पडली त्याचं काय?" ते तिथेच अडायचं. चहा व्हायचा आणि आपण उठायचो.

माझ्या आईची गोष्ट तुम्हाला सांगितली होती की नाही, आता आठवत नाही. आमच्याकडे घरात काही नसलं की आई चुलीवर पाणी ठेवायची, वर झाकण. धूर दिसला पाहिजे, झाकण वाजलं पाहिजे. एकदा माझी आत्या अचानक आली. आई बाहेर गेल्यावर तिने झाकण उचललं, आत बघितलं आणि आवाज न करता परत ठेवलं. आई आल्यावर म्हणाली, "वहिनी, माले आज उपास शे." मी कोपऱ्यात भावाला घेऊन बसले होते. केवढी शहाणी आत्या, असं मला वाटलं. झाकण उचललंच, तर परत ठेवायचं. हे मी शाळेत नाही, तिथे शिकले.

तुम्ही पासष्टाच्या झालात आणि तुम्हाला अंगणवाडीतून घरी बसवलं. सत्तावीस वर्षं पोरांना भात वाढला, लस दिली, वजनं केली, प्रत्येक पाहणीला तुम्हालाच पाठवलं. पण ती नोकरी नव्हती म्हणे, सेवा होती. पगार नाही, मानधन. सेवा संपली की मानधन संपलं. हातात एकदाच जे आलं, ते डोळ्यांच्या ऑपरेशनात आणि चाळीच्या दुरुस्तीत गेलं. यजमान गिरणी बंद पडल्यावरच गेलेले, मूल नाही. विचारलं की म्हणायचात, "एकट्या जिवाक काय लागता?"

मी म्हातारपणाच्या मदतीचा अर्ज आणला. सगळा भरला, तुम्ही शिकवलात तसा, न रडता. तुम्ही चष्मा लावून वाचत वाचत कागदाच्या खालपर्यंत आलात आणि एका शब्दावर बोट ठेवलंत. निराधार.

"हा शब्द काढ."

"छापलेला आहे, बाई. तसंच असतं ते."

"मग मी नाही सही करत."

"बाई, तुम्हीच म्हणता ना, लपवायचं नाही? जगाला सांगत फिरलात."

तुम्ही कागद घडी करून माझ्या हातात दिलात. आवाज चढला नाही तुमचा, चढला असता तर बरं झालं असतं. "सत्तावीस वर्षं ह्या वाडीतल्या पोरांक मी आधार दिला. आणि माका तू निराधार म्हणतंस?"

मला वाटलं, जिंकले मी. इतकी वर्षं मी तेच तर सांगत होते. लाज वाटते लिहिताना, पण जिना उतरताना मला थोडं बरं वाटत होतं की माझं म्हणणं तुम्हाला कळलं. तो अर्ज मी वहीत ठेवला. अजून तिथेच आहे.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला मी आले. गॅसवर तेच पातेलं, झाकण वाजत होतं. "बस, भात टाकलाय," तुम्ही म्हणालात आणि बादली घेऊन नळावर गेलात. खोलीत वाफ होती, पण वास नव्हता. भाताला वास असतो, बाई. साध्या रेशनच्या भातालाही असतो. मी झाकण उचललं. पाणी होतं. स्वच्छ, उकळतं, तळ दिसत होता.

मी झाकण परत ठेवलं.

माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या आणि ठेचा होता, कामावर खायचा राहिलेला. तो काढला असता तर तुम्हाला कळलं असतं की मी बघितलं. तुम्ही बादली घेऊन आलात. "चाय घेतंस?" विचारलंत. मी म्हटलं, "नको बाई, तुमची जेवायची वेळ झाली, निघते." भाकऱ्या पिशवीत तशाच घेऊन मी जिना उतरले. आत्यासारखी शहाणी.

अगदीच काही केलं नाही असंही नाही. दुसऱ्या दिवशी प्राचीकडून वाटीभर उसळ पाठवली. निरोप दिला, जास्त झाली, टाकून द्यायची नाही म्हणून. संध्याकाळी वाटी परत आली, त्यात साखर. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हे तुमच्याकडेही तसंच, आमच्याकडेही तसंच. मी साखर डब्यात ओतली. आठवड्याने पिठलं पाठवलं. वाटीत चार आमसुलं आली. मग आमटी पाठवली. वाटीत तुळशीची एक डहाळी. प्राची म्हणाली, "आई, आजींनी बघ काय दिलं, किती छान वास आहे." मी त्या डहाळीकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की साखर संपली, आमसुलं संपली, आता द्यायला खिडकीतली तुळस उरली आहे. पुढच्या वाटीला ही बाई काय करील? कुणाच्या दारात जाऊन मूठभर साखर मागेल?

तुम्हाला तशी वेळ येऊ नये म्हणून मी वाटी पाठवणं बंद केलं.

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. बरोबर लिहिलंय. तुम्ही उपाशी आहात हे माहीत असून, तुमचा मान जाऊ नये म्हणून, मी तुम्हाला जेवण पाठवायचं बंद केलं. आमच्या लोकांत वाढलेलं नसेल त्याला हे खरं वाटणार नाही. घाडीवहिनींना सांगितलं तर त्या म्हणतील, बरोबर केलंस, मी पण तेच केलं असतं. ही त्याहून मोठी भीती.

तुम्ही जिन्यात पडलात ती सकाळ. आम्ही तुम्हाला परळला हॉस्पिटलात नेलं, मी आणि घाडीवहिनी. टॅक्सीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर. एवढ्या हलक्या झाला होतात की टॅक्सी वळली की तुम्ही घसरायचात. तिथल्या डॉक्टर पोरीने खूप धावपळ केली, खोटं का बोलू. तिने तुमच्या डोळ्यांची पापणी खाली ओढली, नखं बघितली आणि आम्हाला विचारलं, "जेवत होत्या का या?"

घाडीवहिनी लगेच म्हणाल्या, "हो हो, रोज! मी बघायचे ना जाता येता. बाराच्या ठोक्याला गॅसवर पातेलं."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तिला कळत होतं काहीतरी. मी बोलू शकले असते. तिथे कुणी चाळीतलं नव्हतं, तुम्ही शुद्धीवर नव्हता. पण मला वाटलं, तुम्हाला ऐकू जाईल. मी म्हटलं, "हो. जेवायच्या." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. कागदावर वय लिहिलं, अशक्तपणा लिहिला, आणि एक इंग्रजी आजार लिहिला. उपास कुठे लिहिला नाही. त्याला रकाना नव्हता.

तुमची पाटी माझ्याकडे आहे. काल मी वर लिहिलं, 'बाई गेल्या.' त्याच्या आधी? पडल्या. त्याच्या आधी? अंगात रक्त नव्हतं. त्याच्या आधी? जेवत नव्हत्या. त्याच्या आधी? सत्तावीस वर्षांच्या कामाला कुणी काम म्हटलं नाही. इथून मागे गेलं की नियमच दिसतात, आणि त्यांचा मला राग आहे, तो राहील. पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या बायका पेन्शनसाठी धरण्याला बसणार आहेत, त्यांचा अर्ज मी लिहिते आहे. पण तुम्ही म्हणायचात, हाताला येईल ती कडी धरायची. म्हणून मी परत खालून वर आले. सही न केलेला कागद. झाकण. वाटी. मी वाटीला गोल केला. तेवढीच माझ्या हाताएवढी होती.

आता परवाचं सांगते, मग थांबते. प्राचीला नर्सिंगला प्रवेश मिळतोय. फीसाठी एका ट्रस्टकडे अर्ज केलाय, तो तुमच्यासमोरच लिहिला होता. त्यांच्याकडे काम करणारी एक मुलगी घर बघायला येणार होती. नाही मिळाली मदत तर यंदा प्राची घरी बसणार, आणि घरी बसलेली पोर पुन्हा उठत नाही, हे मला माझ्यावरून माहीत आहे. सकाळी नऊलाच घाडीवहिनी दारात. पंखे आता सगळ्यांकडे झालेत. या वेळी मिक्सर होता, खोक्यासकट.

"हा ठेव ओट्यावर. बाहेरचं माणूस येतंय, पोर लग्नाच्या वयाला आली."

"नको, वहिनी."

"का गो? माझा मिक्सर टोचतो काय?"

"आई, ठेव ना," प्राची हळूच म्हणाली. "काय बिघडतंय?"

"नको," मी म्हटलं. वहिनी मिक्सर उचलून तणतणत गेल्या, "ऱ्हव दे तर. चांगुलपणाचे दिवसच नाय रवले."

ती मुलगी आली. प्राचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, मोबाइलवर माहिती भरत होती. नोकरी? मी सांगितलं, हे नाक्यावर उभे राहतात, मिळालं तर गोदामात माल उचलतात. मी मिरचीच्या हंगामात देठं काढते, एरवी मिळेल ते. मग तिने न बघता विचारलं, "घरात जेवायला पुरेसं असतं ना?"

तो 'ना' ऐकलात? 'हो' म्हणून टाकायला केवढी सोय असते त्यात. गॅलरीत घाडीवहिनी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभ्या होत्या. प्राची भिंतीकडे तोंड करून.

"मिरचीचा हंगाम असतो तेव्हा असतं," मी म्हटलं. "पावसाळ्यात नसतं. तेव्हा मी आणि हे एक वेळ जेवतो, पोरीला दोन वेळ देतो."

मुलीने मोबाइल खाली घेतला. बाहेर चिमटा पडल्याचा आवाज आला. प्राची त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. ट्रस्टचं काय होईल माहीत नाही, अजून उत्तर नाही. नाही म्हणाले तर मी मजल्याभर नागडी झाले आणि हाती काही नाही, असं होईल. झोप लागत नाही मला.

संध्याकाळी वहिनींनी वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ आणून ठेवली. आम्ही तिघांनी खाल्ली. मी वाटी घासली, पुसली, आणि माझा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला. तळाशी दोन चमचे होती. बाई, तुम्ही अशाच उभ्या राहिला असाल, तुमच्या ओट्यापाशी.

मी डबा बंद केला. वाटी घेऊन वहिनींच्या दारात गेले आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता दार लागतं.

"उद्या आंबोळ्या घालणार आहे," त्या म्हणाल्या, आणि वाटी मांडणीवर पालथी घातली.

एवढंच होतं, बाई. तुम्ही रिकामी द्यायची होती आणि मी घ्यायची होती.